दुकानाचा आयडी

मोबाइलच्या दुकानात बसणाऱ्या माणसाच्या तोंडून दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द बाहेर पडत असेल? 'अलाऊ'. "मामा, इथं अलाऊ दाबा." "मावशी, अलाऊ करा की, त्याशिवाय पुढं जाईना ते." मामांचं बोट कापूस वेचून आणि विळा धरून भेगाळलेलं. काचेवर दोनदा-तीनदा दाबलं तरी उमटायचं नाही. मागं रांग कुरकुरायला लागायची. मग मीच फोन हातात घ्यायचो आणि खटाखट दाबून मोकळा व्हायचो. अलाऊ, अलाऊ, ओके, अलाऊ. मामा कौतुकानं बघत राहायचे. "लई फास्ट हाय बगा पोरगं."

२०१४ ते २०१८ मी नांदेडला वजिराबादेत एका दुकानावर कामाला होतो. २०१९ पासून लातूरला, शिकवण्यांच्या भागात, माझं स्वतःचं दहा बाय बाराचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. गाव दोन्हीच्या मध्ये, लोह्याच्या पुढं, त्यामुळं आयुष्य सगळं एसटीच्या एकाच रस्त्यावर गेलं म्हणा ना. या वर्षांत दुसऱ्यांच्या फोनवर मी किती वेळा 'अलाऊ' दाबलं असेल, त्याचा हिशेब लागायचा नाही. आपण कशाला हो म्हणतोय, ते मात्र बरीच वर्षं मी वाचलंही नव्हतं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि दुकानासमोर मांडवापेक्षा जास्त गर्दी. दोन महिन्यांत नोटाबंदी आली, तिच्यामागून पैसे पाठवायची अ‍ॅपं. तोवर बटणाचा फोन वापरणारी माणसं एकदम टचवर आली. कंधार, मुखेड, लोहा, नायगाव, कुठून कुठून यायची. फोन घ्यायचे आणि म्हणायचे, "सगळं टाकून दे बाबा." सगळं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, कीर्तनाचं एखादं अ‍ॅप, टॉर्च, फोटोला फुलांची चौकट लावायचं काहीतरी, आणि लेकरांसाठी गेम.

अ‍ॅप टाकायचं तर प्ले स्टोअर लागतं, आणि प्ले स्टोअरला जीमेल. मामांकडं जीमेल कुठला? नवा काढायचा तर नाव, जन्मतारीख, पासवर्ड, ओटीपी. जन्मतारीख विचारली की निम्मे लोक १ जून सांगायचे, मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली. पासवर्ड कोणता ठेवायचा म्हटलं की, "तुलाच ठेव." एका फोनमागं दहा-पंधरा मिनिटं जायची. मालकानं तोड काढली. दुकानाच्या नावानं एकच जीमेल उघडला आणि त्याचा पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या काचेखाली सारला. ज्याला स्वतःचा आयडी नाही, त्याच्या फोनात दुकानाचा आयडी. मालकानं आवाज द्यायचा, मी टाकायचा. त्या काळात खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांच्या फोनात असंच चालायचं, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पहिली कुणकुण लागली ती नंबरांवरून. एकाच आयडीवर साठवलेले नंबर त्या आयडीच्या सगळ्या फोनांत उमटायचे. कुणाच्या फोनात 'बैलवाले अण्णा' उगवले, कुणाच्या फोनात 'ताई मुखेड'. एक गृहस्थ तर तावातावानं दुकानात आले. त्यांच्या फोनात 'पार्लर नवी' असा नंबर निघाला होता आणि घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. आम्ही हसलो, 'व्हायरस आलाय' म्हणून सांगितलं, नंबर काढून टाकला आणि त्यांना चहा पाजला. व्हायरस आम्हीच होतो.

फोनातली साठवण म्हणजे काय, हे आता कुणी विचारलं तर मी बळदाचं उदाहरण देतो. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात बळद होतं. धान्याची अंधारी खोली, वरून भोक. ज्वारी त्यातच, तूर त्यातच, आणि कुठल्याशा गाडग्यात आजीनं साठवलेले पैसेही त्यातच. एकदा माणूस आत उतरला की तो नुसती तूर भरतोय की गाडग्यातही हात घालतोय, हे वर कंदील धरून उभ्या असलेल्याला दिसत नाही. तेव्हाचे अँड्रॉइड फोन असेच होते. प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची एक कुलूपबंद खोली असायची, तिथं दुसऱ्या अ‍ॅपला मज्जाव. पण फोटो, व्हिडिओ, डाउनलोड केलेल्या फाइली, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद, हे सगळं सामाईक जागेत, बळदात. 'स्टोरेज'ला एकदा अलाऊ म्हटलं की अ‍ॅप त्या सगळ्या जागेत फिरायला मोकळं. फुलांची चौकट लावणाऱ्या अ‍ॅपला हवा असायचा एक फोटो, पण त्याच परवानगीत सातबारा, पासबुक, दवाखान्याचे रिपोर्ट सगळंच त्याच्यासमोर उघडं पडायचं. त्यानं बघितलंच असं नव्हे. पण बघायला आडकाठी नव्हती.

आणि हे निदान विचारून तरी व्हायचं. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ च्या आधी तर अ‍ॅप टाकतानाच भली मोठी यादी यायची. सगळी मान्य करा, नाहीतर अ‍ॅप विसरा. सहापासून फोन एकेका गोष्टीसाठी वेगळं विचारायला लागला. खरं तर ते ग्राहकाच्या भल्यासाठी होतं. आम्हाला मात्र त्याचा रागच यायचा. जितके प्रश्न जास्त, तितकी रांग लांब.

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट, लातूरचं दुकान बंद, मी गावी बसून. वजिराबादचं ते दुकान तोवर उठलं होतं, पण त्याचा आयडी माझ्या फोनात तसाच पडून होता. गुगलनं आधीच जाहीर केलं होतं की फोटो साठवायची अमर्याद फुकट सोय १ जूनपासून बंद. नेमकी १ जून, आमच्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस. त्याबद्दलचा मेल दुकानाच्या आयडीवर दिसला म्हणून सहज आत जाऊन बघितलं, तर हजारो फोटो. त्यातला एकही मी काढलेला नव्हता.

कसं झालं ते समजायला मला अर्धा दिवस लागला. फोटोंचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की ते बॅकअपचं विचारायचं, आणि बटण आधीच चालू असायचं. मी पुढं-पुढं दाबत गेलेलो. बॅकअप चालू म्हणजे फोनातला फोटो, जसं नेट मिळेल तसा, आयडीच्या खात्यात चढतो. आयडी दुकानाचा, म्हणून खातंही दुकानाचं. साठवण फुकट होती, त्यामुळं खातं कधी भरलं नाही आणि 'जागा संपली' अशी ओरड कुणाच्या फोनात झाली नाही. गुगलची यात काही चूक नव्हती. त्याला सांगितलं होतं की हे सगळे फोन एकाच माणसाचे आहेत, आणि ते सांगणारा मी होतो.

चार-पाच घरं तारखेनुसार एकमेकांत मिसळली होती. एकाच दिवशी एका घरी बारसं, दुसऱ्या घरी तेरावं. मध्येच आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सोयाबीनच्या पावत्या. माझा पहिला विचार होता, सगळं पुसून टाकावं आणि कुणाला काही बोलू नये. मग लक्षात आलं की तेही सोपं नाही. ज्याच्या फोनात हा आयडी अजून चालू आहे, त्याचे फोटो खात्यातून पुसले तर ते त्याच्या फोनातूनही जाऊ शकतात. म्हणजे ठेवणं चूक आणि पुसणंही चूक. आधी त्या माणसांना शोधून काढायला हवं होतं.

एक घर ओळखू आलं. विहिरीच्या कठड्याला टेकून उभे असलेले मामा मला आठवत होते. 'लई फास्ट हाय' म्हणणारे तेच. इथून पुढचं जे लिहितोय ते त्यांना विचारून लिहितोय. त्यांच्या लेकीलाही विचारलं. तिनं दोन गोष्टी गाळायला सांगितल्या, त्या गाळल्या आहेत.

ऑगस्टमध्ये, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मेमरी कार्डावर त्या घरचे फोटो घेऊन मी एसटीनं गेलो. वाटेत बोलायची वाक्यं जुळवत होतो. माफी मागायची, मग त्यांच्या फोनातून दुकानाचा आयडी काढायचा, मग इकडचे फोटो पुसायचे. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोन? त्यो तर विहिरीत पडला की. मोटार बघायला वाकलो आन् गेला खिशातून. दोन वर्सं झाली."

मामी त्याच्याही आधी गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता, हार घातलेला, आधार कार्डावरून मोठा केलेला. आधारचा फोटो कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. घरात त्यांचा तेवढा एकच फोटो होता, बाकीचे फोनाबरोबर विहिरीत गेले असं सगळे धरून चालले होते. मी कार्ड मामांच्या नव्या फोनात घातलं. मामी तुरीत उभ्या राहून हसतायत, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडालाय. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुज्याकडं होतं व्हय हे. लई उपकार झाले बाबा."

मी माफी मागायला गेलो होतो आणि माझे उपकार मानले जात होते. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. पंचमीला माहेरी आलेली. तिनं फोटो बघितले, डोळे पुसले आणि कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "दादा, चार-पाच घरचे एकत्र होते म्हणता. मग आमचे वेगळे कसे काढले?"

"तारखेनं थोडे," मी म्हणालो, "आणि थोडे बघून."

"म्हणजे सगळे बघितले."

मी कपाकडं बघत राहिलो. वेगळे करायचे तर बघावेच लागले होते. एकेक फोटो मोठा करून. कुणाचं अंगण, कुणाची भिंत, कुणाच्या अंगावरची जखम. मामी आजारी असताना डॉक्टरांना दाखवायला काढलेले फोटोही त्यात होते. ती पुढं जे बोलली ते लिहीत नाही. आवाज चढवून बोलली नाही, एवढं सांगतो. परतीच्या एसटीत मामांचे उपकार आठवावेत असं ठरवलं होतं. आठवत राहिली ती लेकच.

त्यानंतर मी पहिल्यांदा फोनची सेटिंग शांतपणे उघडून वाचली. दुकानात बसणाऱ्यानं सात वर्षांनी! मधल्या काळात फोन बरेच शहाणे झाले होते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि जास्त करून २०२० च्या ११ पासून बळदाचे कप्पे पडायला लागले. अ‍ॅपनं स्वतःच्या कप्प्यात राहावं, सगळीकडं फिरायचं असेल तर 'ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस' नावाची वेगळी, मोठी परवानगी मागावी. ११ मध्येच 'फक्त या वेळी' हा पर्याय आला, आणि जे अ‍ॅप महिनोन्महिने उघडलंच नाही त्याच्या परवानग्या फोन आपणहून काढून घ्यायला लागला. पुढं २०२२ च्या १३ मध्ये फोटो-व्हिडिओ आणि गाणी यांच्या परवानग्या वेगळ्या झाल्या. २०२३ च्या १४ पासून तर 'मला वाटतील तेवढेच फोटो' असं अ‍ॅपला सांगता येतं. आयफोनवाल्यांना ही सोय २०२० पासूनच होती, पण माझ्या काउंटरवर आयफोन येतो तो कव्हर घ्यायला.

हे सगळं वाचायला छान वाटतं. पण माझ्याकडं येणारे निम्मे फोन जुने असतात. थोरल्याचा फोन धाकट्याला, धाकट्याचा आजीला. आजीच्या फोनात अजून अखंड बळदच आहे. आणि नव्या फोनातही प्रश्न विचारला तरी उत्तर कोण देतं? काउंटरवरचं पोरगं.

लातूरला माझा धंदा शिकवण्यांवर चालतो. 'लातूर पॅटर्न' म्हणून जे राज्यभर प्रसिद्ध आहे, त्याच्या मागच्या गल्लीत मी बसतो. परभणी, हिंगोली, बीड, नांदेडहून लेकरं येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यातलाच एक आला. नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देणारा, मिसरूड फुटलेलं. "काका, हे अ‍ॅप डिलीट होईना." डिलीट होत होतं, तो आला त्याचं कारण वेगळं होतं. खोलीचं भाडं थकलं म्हणून त्यानं एका कर्जाच्या अ‍ॅपवरून पाच हजार मागितले होते, हातात आले त्यापेक्षा कमी. अ‍ॅपनं सुरुवातीलाच संपर्क आणि गॅलरी मागितली, त्यानं दिली. आठवड्यात धमक्या सुरू झाल्या. त्याच्याच गॅलरीतला बहिणीचा फोटो, घाणेरडा केलेला, त्याला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, आता हा वडिलांपासून सुरुवात करून सगळ्या नंबरांना जाईल.

मी त्याच्यासमोर परवानग्या काढल्या, अ‍ॅप काढलं. दोन मिनिटांचं काम. मग तो म्हणाला, "आता फोटो त्यांच्याकडून गेले ना?" इथं मला खाली बसावं लागलं. परवानगी काढली की पुढचं दार बंद होतं. आत येऊन जे उचलून नेलं ते परत येत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावून दिला, मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावले, आणि वडिलांना फोन मी केला. ते म्हणाले, "पैशाचं काय नाही हो, तेवढं लेकरू माघारी धाडा." त्याच वर्षी २ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्जाच्या अ‍ॅपनं फाइली, फोटो, संपर्क, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही, कॅमेरा किंवा लोकेशन घ्यायचंच तर ओळख पटवण्यापुरतं एकदा, तेही स्पष्ट विचारून. गुगलनंही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज अ‍ॅपांना फोटो आणि संपर्क बंद केले. नियम चोख आहेत. पण आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात त्या एपीके फाइली, म्हणजे थेट अ‍ॅप टाकणाऱ्या फाइली. लग्नाची पत्रिका म्हणून, आरटीओचं चलान म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून. त्या प्ले स्टोअरच्या वाटेनं येतच नाहीत, सरळ चावडीवरून घरात. पत्रिका उघडायला अ‍ॅप कशाला टाकावं लागतंय, एवढा एक प्रश्न मनात आला तरी पुष्कळ.

इथवर मी स्वतःला शहाणा समजायला लागलो होतो. जुलै २०२४ मध्ये तेही उतरलं.

लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर अर्ज, त्याला आधार, पासबुक, रेशन कार्ड, हमीपत्र यांचे फोटो. सुरुवातीला मुदत जेमतेम पंधरा दिवसांची दिली होती, नंतर वाढली, पण पहिल्या आठवड्यात कुणाला धीर होता? दुकानासमोर पहाटेपासून बाया. कुणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, कुणाच्या कडेला लेकरू. अ‍ॅप अडकायचं, ओटीपी यायचा नाही, आला तर तो शेतात गेलेल्या नवऱ्याच्या फोनवर. मग मी एक युक्ती केली. दिवसा सगळ्यांच्या कागदांचे फोटो माझ्या फोनात काढून ठेवायचे आणि रात्री दोननंतर, अ‍ॅप मोकळं असताना, एकेक अर्ज भरायचा. बाया खूश. "दादा, तुमच्यामुळं झालं बगा." पुन्हा तेच उपकार.

एका रात्री अर्ज भरता भरता माझ्याच फोनच्या परमिशन मॅनेजरमध्ये शिरलो, आणि फोटो-व्हिडिओच्या खाली कोणकोणत्या अ‍ॅपांना पूर्ण परवानगी आहे ती यादी वाचली. कीबोर्डचं एक अ‍ॅप. पासपोर्ट फोटो कापायचं एक. पीडीएफ जोडायची दोन. फाइल पाठवायचं एक. लेकानं टाकलेला गेम. रिंगटोनचं काहीतरी, ते मी कधी टाकलं आठवेना. आणि गॅलरीत शेकडो बायांची आधार कार्डं, पासबुकं, सह्या. २०१६ ला फोन त्यांचा होता आणि बोट माझं. आता फोन माझा, परवानग्या मी दिलेल्या, आणि कागद त्यांचे. त्यातल्या एकीनंही त्या रिंगटोनच्या अ‍ॅपला अलाऊ म्हटलं नव्हतं.

फाइली हाताळणारी अ‍ॅपं तर आमच्या धंद्याची हत्यारं. २९ जून २०२० ला सरकारनं जी ५९ चिनी अ‍ॅपं बंद केली, त्यात टिकटॉकचाच गवगवा झाला. पण त्याच यादीत शेअरइट, झेंडर, ईएस फाइल एक्सप्लोरर आणि कॅमस्कॅनरही होती, म्हणजे झेरॉक्स दुकानांच्या रोजच्या वापरातलं सगळं. ती गेली आणि आम्ही दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी शोधली, तशीच अलाऊ केली. कुठल्या देशाचं आहे एवढंच बघितलं. बळदात उतरून ते काय करतं, ते नाही.

२०२४ च्या त्या जुलैत लातूरकरांचे कान तसेही टवकारलेले होते. जूनमध्ये नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव आलं होतं आणि विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं मोबाइलमध्ये सापडल्याच्या बातम्या होत्या. एका आईनं मला सरळ विचारलं, "आमच्या लेकराचं हॉल तिकीट तुमच्या फोनात राहिलंय का?" राहिलं होतं. मे महिन्यात प्रिंट काढायला तिनंच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आपोआप गॅलरीत जातो, आणि गॅलरीत गेला की परवानगीच्या यादीतल्या सगळ्या अ‍ॅपांना दिसतो. तिच्यासमोर पुसलं. घरी जाऊन 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली. ते बटण व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये इतकी वर्षं होतंच.

आता दुकानात पद्धत बदलली आहे. कागद घ्यायला एक वेगळा फोन ठेवलाय. त्यात व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि सरकारी अ‍ॅप सोडून काही नाही. रात्री शटर ओढायच्या आधी तो रिकामा करायचा, कचरापेटीसकट, कारण पुसलेला फोटो तिथंही महिनाभर पडून राहतो. आणि काउंटरच्या काचेखाली पुन्हा एक पुठ्ठा आहे. पासवर्डचा नाही. त्यावर लिहिलंय: 'फोन तुमच्याच हातात राहू द्या. मी सांगतो, तुम्ही दाबा.'

याचा धंद्यावर परिणाम झालाच. माझ्याकडं एका फॉर्मला वीस मिनिटं लागतात, शेजारी सातात होतो. परवाच एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "तुम्हाला येत नाही का? मग दुकान कशाला टाकलंत?" उठून शेजारी गेले. मी त्यांना चूक म्हणत नाही. बस चुकली तर अहमदपूरला मुक्काम पडतो.

पण सगळेच जात नाहीत. २०२५ मध्ये अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, तेव्हा चाकूरकडची एक बाई लेकीला घेऊन आली. फोन बाईचाच. फॉर्मसाठी फोटो छोटा करायला एक अ‍ॅप टाकलं, त्यानं विचारलं. मी म्हणालो, "माय, तीन पर्याय आलेत. निवडलेले फोटो, सगळे फोटो, नाहीच. कुठलं दाबायचं?" लेक म्हणाली, "सगळे दाब की आई, लवकर होतंय." बाईनं चष्मा वर केला, तिन्ही ओळी बोट फिरवत वाचल्या आणि मला विचारलं, "एकच फोटो पाहिजे ना ह्याला? मग बाकीचे कशाला दाखवायलाव?" तिनं 'निवडलेले'ची ओळ दाबली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. वाचायला वेळ तेवढा मिळाला.

कायदेही आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी वजिराबादेत दुकानाचा आयडी टाकत बसलो होतो. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. अठरा वर्षांखालच्या लेकराची माहिती घ्यायची तर आईबापांची संमती लागेल, असं त्यात आहे. आमच्या गल्लीतली निम्मी गिऱ्हाइकं सोळा-सतराची. आईबाप गावाकडं, ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि "पप्पा, सहा आकडी नंबर आलाय, सांगा" असा फोन गेला की पप्पा नंबर सांगतात. ती संमती धरायची का, हे मला एखाद्या वकिलाला विचारायचं आहे.

दुकानाचा तो आयडी अजून आहे. मामांच्या घरचे फोटो पुसले, आणखी दोन घरं सापडली, त्यांचेही त्यांच्या हवाली केले. दोन घरं राहिली आहेत. गुगल दोन वर्षं न वापरलेलं खातं बंद करू शकतं, म्हणून दर पाडव्याला मी एकदा आत जातो, काही न उघडता बाहेर येतो. २०१६-१७ च्या सुमारास तुम्ही नांदेडला वजिराबादेत पहिला टचफोन घेतला असेल, आणि दुकानातल्या पोरानंच त्यात आयडी टाकून दिला असेल, तर ते पोरगं बहुधा मीच. फोटोंत काय आहे ते इथं लिहीत नाही. तुम्ही येऊन सांगा, मी ताडून बघतो.